जुना रेडिओ आणि मुलांचे कान

मुलांना मोबाइलपासून दूर कसे ठेवावे, हा प्रश्न आज घरोघरी आहे. मी शिक्षिका असल्यामुळे पालकसभेनंतर माता-भगिनी तो मलाही विचारतात. मोबाइल काढून घ्या, एवढे सांगून भागत नाही. काढून घेतला तर त्या जागी मुलाच्या हातात काय द्यायचे, तेही सांगावे लागते. आमच्या घरी त्या जागी एक जुना, भंगारातला रेडिओ आला. त्यामुळे मोबाइल घरातून गेला, असे मी म्हणणार नाही. पण मगरिबनंतरचा पाऊण तास बदलला. त्या पाऊण तासाने मुलांना जे दिले, ते सांगावे म्हणून हा लेख.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझी मुलगी सातवीत आहे, मुलगा चौथीत. दोघेही मराठी शाळेत जातात, कारण घराजवळ तीच चांगली शाळा आहे. घरात आम्ही विदर्भातल्या मुसलमान घरांत बोलतात तशी बोली बोलतो, अर्धी उर्दू-हिंदी, अर्धी मराठी. मुलांचे कुरआन नाझरा झाले आहे, त्यामुळे अक्षरे ओळखीची आहेत. पण उर्दूचे वर्तमानपत्र समोर ठेवले की दोन ओळींत अडतात. आणि शुद्ध उर्दू कानावर पडावी, असा प्रसंगच येत नाही. मराठी शाळेत मुले घालणाऱ्या कितीतरी घरांत आज हेच चित्र आहे. मराठी तर आपली आहेच, तिच्यावरच आपली रोजीरोटी आणि शेजारपाजार. पण आजोबांची भाषा नातवाला परकी वाटू लागली, तर घराचा एक दरवाजा बंद होतो.

आमच्या घरी हा दरवाजा खरोखरच बंद होत चालला होता. अम्मी गेल्यानंतर अब्बा माझ्याकडेच असतात. तरुणपणी त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. मशीनच्या बाजूला फळीवर रेडिओ असे आणि दिवसभर दोन्ही चालत. सकाळी नागपूर आकाशवाणी, दुपारी विविध भारती, संध्याकाळी बीबीसीच्या हिंदी आणि उर्दू बातम्या. आता काचबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नाही. पेपर वाचता येत नाही, टीव्ही नुसता ऐकून समजत नाही. मुले त्यांना सलाम करत, पाणी नेऊन देत, पण बोलायला विषय नसे. एकाच खोलीत नाना गप्प आणि नातवंडे मोबाइलमध्ये मान घालून.

एका दिवशी अब्बा सहज म्हणाले, "बेटा, एखादा शॉर्टवेव्हचा रेडिओ मिळाला तर बघ." मुलीने विचारले, "नाना, शॉर्टवेव्ह म्हणजे काय?" बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांना काहीतरी विचारले होते.

खर्च किती आला?

पगार आला की तो कुठे जातो, हे सर्व भगिनींना ठाऊक आहे, म्हणून आधी हिशेब देते. आठवडी बाजारात जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून तीन बँडचा रेडिओ ३५० रुपयांना घेतला. घेताना त्यावर एफएम आणि मिडियम वेव्हच्या जोडीला शॉर्टवेव्ह, म्हणजे 'एसडब्ल्यू' लिहिले आहे ना, ते पाहिले. काटा फिरवून डायलची दोरी सरकत नाही ना, तेही पाहिले. दुरुस्तीवाल्या चाचांनी बँडचे बटण साफ केले आणि आवाजाचा कंट्रोल बदलला, त्याचे ८० रुपये घेतले. दोन मोठे सेल ६० रुपयांचे.

राहिला एरियल. रेडिओची दांडी अर्धी तुटलेली होती. अब्बांनी सांगितले, "मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची बारीक तार आण." आपल्याकडे धानाच्या शेतीमुळे पंपांच्या मोटारी सतत जळतात, त्यामुळे अशी दुकाने गावोगाव आहेत. दहा मीटर तार ६० रुपयांत मिळाली. तिच्यावर लेप असतो, तो टोकाला ब्लेडने खरवडावा लागतो. ते काम मुलीने केले. एक टोक अंगणातल्या लिंबाच्या झाडाला सुतळीने बांधले, दुसरे टोक १० रुपयांच्या चिमट्याने रेडिओच्या दांडीला लावले. एकूण खर्च ५६० रुपये. रोज पाऊण तास ऐकले तर सेल दीड-दोन महिने जातात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. तार विजेच्या तारांच्या वरून किंवा जवळून कधीही नेऊ नये. आणि आभाळ दाटून येऊ लागले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, ती काढून घराबाहेर टाकावी. आपल्या भागात पावसाळ्यात वीज किती पडते, हे वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर आम्ही तार लावतच नाही, नुसत्या दांडीवर जे येईल ते ऐकतो.

आवाज इतक्या लांबून येतो कसा?

हा प्रश्न मुलगा रोज विचारी, म्हणून त्याला कॅरमचे उदाहरण दिले. सोंगटी सरळ जात नसेल तर आपण ती कडेला आपटून पाठवतो. जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटरच्या वर, सूर्यकिरणांमुळे हवेचे कण विद्युतभारित झालेले थर आहेत. त्याला पाठ्यपुस्तकात आयनांबर म्हणतात. शॉर्टवेव्हच्या लहरी त्यावर आपटून खाली येतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात आणि अशा उड्या घेत हजारो किलोमीटर लांब पोहोचतात. एफएमच्या लहरी हे थर भेदून निघून जातात, म्हणून एफएम शहरापुरतेच ऐकू येते.

दिवसा खालचा एक थर लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरून जातो. म्हणून मगरिबनंतर एकेक केंद्र जागे होऊ लागते. मुलांनी त्याचा ठोकताळा बसवला आहे. दिवसा १३ ते २५ मीटरच्या पट्ट्यांत शोधायचे, रात्री ३१, ४१ आणि ४९ मीटरमध्ये. हे मीटर म्हणजे लहरीची लांबी. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की ती निघते. मुलीची दशांश अपूर्णांकांची भीती या भागाकाराने गेली. केंद्रांचे वेळापत्रक ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे असते. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. तिथले १४ वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. हे आता चौथीतला मुलगाही तोंडी करतो.

भूगोलाचा एक धडा तर अब्बांनी न दिसणाऱ्या डोळ्यांनी दिला. "नकाशावर भंडारा बघ, तिथून पट्टी सरळ खाली लाव. काय येते?" मुलगी पट्टी लावत गेली आणि श्रीलंकेत कोलंबोवर पोहोचली. दोन्ही गावे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, मध्ये सुमारे १,६०० किलोमीटर. "तिथूनच आमचा रेडिओ सिलोन यायचा," अब्बा म्हणाले, आणि मग त्या रात्री गोष्टी संपता संपल्या नाहीत.

सिलोन, अमीन सायानी आणि 'रहबर'

गोष्ट अशी. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवला आणि शॉर्टवेव्हवर कोलंबोला गेले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ असलेल्या घरासमोर गर्दी होई. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फीत कोलंबोला जाई आणि तिथून आवाज पुन्हा आपल्याकडे येई. पुढे आकाशवाणीलाच ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

तो आवाज अमीन सायानींचा. २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अब्बांनी मुलांना जवळ बसवून त्यांच्याविषयी सांगितले होते. मी त्यात एक भर घातली, कारण ती शिक्षिकेच्या आवडीची आहे. अमीन सायानींच्या आई कुलसुम सायानी मुंबईत प्रौढांना लिहा-वाचायला शिकवत. नवसाक्षरांसाठी त्या 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी, पण ते उर्दू, देवनागरी आणि गुजराती अशा तीन लिपींत छापले जाई. मुलगा लहान अमीन या कामात आईला मदत करी. शाळा गुजराती माध्यमाची, घरात 'रहबर'चे काम, आणि त्यातून ती सोपी, सगळ्यांना कळणारी जबान तयार झाली, जी पुढे देशभर पोहोचली. म्हणजे लिपी कोणतीही असो, भाषा कानातून घरात येऊ शकते. मराठी शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलांसाठी मला हेच हवे होते.

कान तयार होतात तेव्हा

पहिल्या आठवड्यात मुलांना नुसती घरघर आणि शिट्ट्या ऐकू आल्या. मुलगा कंटाळून उठलासुद्धा. अब्बा मात्र काटा केसभर फिरवत आणि म्हणत, "ठहरो, कोणीतरी बोलतंय." घरघरीतून आवाज वेगळा काढायला कान शिकावा लागतो. आठ-दहा दिवसांत मुलांना भाषा ओळखता येऊ लागल्या. ही चिनी, ही अरबी, ही फारसीसारखी पण फारसी नव्हे.

मग उर्दू सापडू लागली. बीजिंगहून उर्दूत बातम्या येतात, तेहरानहून येतात. रात्री मिडियम वेव्हवर आपल्या आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस पकडता येते. ती १९६५ पासून सुरू आहे. मी मुलांना एकच काम दिले. रोज न कळलेले पाच शब्द वहीत देवनागरीत लिहायचे आणि नानांना अर्थ विचारायचा. सामईन म्हणजे ऐकणारे. मुज़ाकरात म्हणजे वाटाघाटी. नशरियात म्हणजे प्रक्षेपणे. वहीत पुष्कळ शब्द जमले आहेत आणि त्यातले बरेच मुलांच्या बोलण्यात आले आहेत.

मजा म्हणजे काही शब्द त्यांना मराठीतून आधीच ठाऊक निघाले. बातमीत 'मज़कूरा' आले तेव्हा मुलगी म्हणाली, "हा तर आमचा मजकूर!" अर्थ थोडा बदलला आहे. उर्दूत तो 'वर सांगितलेला' आणि मराठीत 'लिहिलेला भाग'. तसेच इलाखा, हुकूम, तारीख, अर्ज, शिफारस, जाहीर. दोन्ही भाषांचे नाते मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिले असेल, पण स्वतः शोधल्याचा आनंद वेगळा.

उच्चारांचेही तसेच. 'ज़रूर'मधला ज़ मराठी मुलाला जड जात नाही, कारण 'जागा' आणि 'जाळे' या शब्दांतला ज तो रोज बोलतो. अडते ते क़ आणि ख़ पाशी. ते घशातले आवाज पुस्तकातून शिकवता येत नाहीत, ते ऐकावेच लागतात. आता माझा मुलगा 'ख़बर' म्हणतो तेव्हा अब्बा हसून माझ्याकडे मान वळवतात.

ऐकले तेवढेच लिहायचे

शब्दांच्या वहीबरोबर आणखी एक वही आहे. तिच्यात तारीख, वेळ, कितवा मीटर, कोणती भाषा, काय ऐकले आणि आवाज कसा होता, त्याला पाचपैकी गुण. जगभरचे हौशी श्रोते अशीच नोंद ठेवतात. ती केंद्राला पत्राने किंवा ई-मेलने कळवली तर अनेक केंद्रे आभाराचे चित्रमय कार्डही पाठवतात. या वहीचा नियम एकच, जे कानांनी ऐकले तेवढेच लिहायचे. अंदाज लिहायचा असेल तर पुढे प्रश्नचिन्ह काढायचे.

एका संध्याकाळी सुंदर तिलावत लागली. आम्ही सारे नीट बसून ऐकत राहिलो. संपल्यावर मुलाने वहीत 'रियाध' लिहिले. बहिणीने विचारले, "नाव ऐकलंस का?" "नाही, पण तिलावत आहे ना." "मग प्रश्नचिन्ह काढ." तो रुसला, पण काढले. पुढे तीन दिवस तो त्याच वेळी त्याच जागी काटा लावून बसला. चौथ्या दिवशी केंद्राची घोषणा त्याच्या कानी पडली. इज़ाअतुल कुरआनिल करीम, आणि शेवटी 'सऊदिय्या'. एवढे शब्द त्याला कळले आणि तो ओरडतच स्वयंपाकघरात आला. प्रश्नचिन्ह त्याने स्वतः खोडले. नंतर दोघांनी हिशेब केला. रियाध आपल्यापासून सुमारे ३,४०० किलोमीटर, लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, म्हणजे तो आवाज सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात आपल्या अंगणात आला.

या प्रश्नचिन्हाचा उपयोग रेडिओपुरता राहिला नाही. बातमी आली तर आधी तिची खातरजमा करा, असा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे. मुलांना तो आपण तोंडी शिकवतो, पण सवय लावायला रोजचे निमित्त लागते. मागच्या पावसाळ्यात मोबाइलवर निरोप फिरला की उद्या सर्व शाळांना सुट्टी. मुलगा नाचू लागला. मुलगी म्हणाली, "कोणी सांगितलं? नाव आहे का?" नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळा भरली.

थोडे मोठे झालेल्या मुलांसाठी आणखी एक धडा आहे. एकच घटना लंडनहून ऐकावी आणि बीजिंगहूनही ऐकावी. कोणी काय आधी सांगितले, कोणी काय सांगितलेच नाही, हे मुलांनाच विचारावे. प्रत्येक देशाचे केंद्र आपल्या देशाच्या बाजूने बोलते, हे माझ्या मुलीने दोन महिन्यांत ओळखले. कोणाचेही ऐकावे, पण लगेच मान डोलवू नये, हे कळायला मोठ्या माणसांनाही वेळ लागतो.

सुरुवात करायची असेल तर

ज्यांना करून पाहावेसे वाटेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. रेडिओ घराच्या मध्यभागी ठेवू नये, अंगणात किंवा गच्चीवर न्यावा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि पंख्याचे नवे रेग्युलेटर यांची घरघर शॉर्टवेव्हवर फार येते. आमच्याकडे वीज गेली की साऱ्या मोहल्ल्याची घरघर एकदम थांबते आणि लांबची केंद्रे स्वच्छ लागतात. इतरांची मुले वीज गेली म्हणून कुरकुरतात, आमची दोघे रेडिओ घेऊन बाहेर पळतात.

पहिल्या दिवशी सोपे केंद्र लावावे, म्हणजे मुले नाराज होत नाहीत. मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला नागपूर आकाशवाणी आहे, १९४८ पासूनचे आपले घरचे केंद्र. तिथून सुरुवात करून मग शॉर्टवेव्हवर जावे. वेळ ठरलेली आणि थोडी असावी. आमचा पाऊण तास इशाच्या अज़ानला संपतो. आणि काटा मुलांच्या हातात द्यावा. आपण फिरवू लागलो की ती उठून जातात.

कोणी म्हणेल, हे सगळे मोबाइलच्या ॲपवर मिळत असताना झाडाला तार कशाला बांधायची? आकाशवाणीचे ॲप चांगलेच आहे, मीही वापरते. पण ॲपवर कंटाळा आला की बोट पुढे सरकते. रेडिओवर जे लागले ते ऐकावे लागते, आणि ते एकट्याला नव्हे, साऱ्या घराला.

घाई करावी असे मात्र सांगेन. शॉर्टवेव्हची केंद्रे एकेक करून बंद होत आहेत. बीबीसीची हिंदी रेडिओसेवा ३१ जानेवारी २०२० रोजी शॉर्टवेव्हवरून थांबली, त्यानंतर उर्दूचे कार्यक्रमही थांबले. अब्बा आजही त्या जागी काटा नेऊन क्षणभर थांबतात. काही संध्याकाळी पाऊण तासात एकही नवे केंद्र मिळत नाही. मुले वहीत तारीख घालून 'काही नाही' असे लिहितात, तीही नोंदच आहे.

पण अशा संध्याकाळीसुद्धा आमच्या अंगणात शांतता नसते. केंद्र लागले नाही तर मुले नानांना म्हणतात, "मग तुम्हीच सांगा." आणि अब्बा दुकानातल्या, सिलोनच्या, जुन्या मोहल्ल्याच्या गोष्टी सांगत बसतात, त्यांच्या उर्दूत. मुलांना आता ती सगळी कळते.